आयकिदोचा वर्ग लावायचाय? फेकणाऱ्याकडे नको, पडणाऱ्याकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून तोक्योतल्या निशिकासाईला येऊन आठ महिने झाले, वय 41, काम दिवसभर खुर्चीत. घराजवळच्या क्रीडाकेंद्रात दर गुरुवारी संध्याकाळी आयकिदो या जपानी युद्धकलेचा वर्ग भरतो असं फलकावर दिसलं. मारामारी नको, स्पर्धा नको, पण शरीर हलायला हवं आणि इथल्या माणसांत थोडं मिसळायलाही हवं. जपानी जेमतेम येतं, उजवा गुडघा कुरकुरतो. नऊ वर्षांच्या मुलीलाही घालावं का? ही 'अहिंसक युद्धकला' म्हणजे नक्की काय, आणि वेळ आली तर तिचा उपयोग होतो का?

मी मूळची सांगलीची. तोक्योशेजारच्या चिबामध्ये राहून एकोणीस वर्षं झाली, त्यातली सतरा वर्षं आठवड्यातून दोनदा आयकिदो करते. तिसरा दान आहे, म्हणजे काळ्या पट्ट्यातली तिसरी पायरी. वर्ग माझा नाही. शनिवारी मुलांच्या वर्गाला मदतीला असते, तेवढंच. माझं उत्तर: जा. पण नाव घालण्याआधी एकदा नुसतं बसून वर्ग बघा, आणि बघताना सेन्सेईंकडे, म्हणजे गुरुजींकडे, फार लक्ष देऊ नका. ते छान दिसणारच. पांढरे केस, काळा हाकामा (घेरदार, चुण्यांची विजार), एका हाताने चौघांना लोळवणं, कुणालाही भुरळ पडते. तुम्ही पडणाऱ्यांकडे बघा. त्यातही सगळ्यात नवखा कोण आहे ते शोधा (पट्टा पांढरा, बाह्या लांब, चेहरा गोंधळलेला) आणि त्याला कोण कसं पाडतंय ते अर्धा तास बघा. जुना माणूस त्याच्या वेगाला येऊन हळू पाडतो का? पाडल्यावर त्याचा हात सोडून देतो की डोकं टेकेपर्यंत धरून ठेवतो? त्याने चटईवर हाताने थाप मारली, म्हणजे 'बस, सोड' अशी खूण केली, की पकड त्या क्षणी सुटते का? या तीन गोष्टी ठीक असतील तर बाकीचं निभावतं. त्या नसतील, तर भिंतीवर कितीही मोठी प्रमाणपत्रं असोत, चहा पिऊन परत या.

हे सांगायचं कारण असं की आयकिदोत निम्मा वेळ तुम्ही पडतच असता. सरावाची पद्धत ठरलेली आहे. सेन्सेई मधोमध एक तंत्र तीन-चार वेळा दाखवतात, एखादं वाक्य बोलतात, टाळी वाजते. मग दोघादोघांच्या जोड्या. एक जण 'उके', म्हणजे हल्ला करणारा आणि शेवटी पडणारा. दुसरा 'तोरी', तंत्र करणारा. तोरी चार वेळा करतो, दोनदा उजवीकडे, दोनदा डावीकडे, मग भूमिका बदलतात. नवखा असो की पाचवा दान, चार-चारच. तुमचं शरीर दर दोन मिनिटांनी दुसऱ्याच्या हाती आणि त्याचं तुमच्या. आम्ही याला अहिंसा वगैरे म्हणत नाही, 'केइको' म्हणतो, सराव. पण तुमच्या प्रश्नातल्या त्या शब्दाला काही अर्थ असेल तर तो इथे आहे.

कारण ही कला मुळात मवाळ नाही. गांधीजींची अहिंसा मनात आणून गेलात तर पहिल्याच 'निक्यो'ला, म्हणजे मनगट आतल्या बाजूला पिळणाऱ्या पकडीला, डोळ्यांत पाणी येईल. आयकिदोचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा. जन्म 1883 चा, वाकायामातल्या तानाबे गावचा; उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. तरुणपणी वसाहतवाल्यांबरोबर होक्काइदोला गेले. तिथे 1915 साली त्यांची गाठ ताकेदा सोकाकु यांच्याशी पडली. हे दाइतो-र्‍यू जुजुत्सूचे गुरू, आणि कडक म्हणून प्रसिद्ध. हात मोडायची, सांधे निखळवायची तंत्रं उएशिबा त्यांच्याकडे शिकले. पुढे ओमोतो या पंथाच्या नादाने आयाबेला जाऊन राहिले, शेतीची आणि शेतीबरोबर प्रार्थनेची गोडी लागली. 1931 मध्ये तोक्योत शिंजुकूच्या वाकामात्सु-चोला त्यांचा दोजो, म्हणजे सरावाची जागा, उभा राहिला. मुख्य दोजो आजही त्याच ठिकाणी आहे. सैन्याच्या शाळांतही त्यांनी शिकवलं. 1942 मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ते इबाराकीतल्या इवामा गावी शेती करायला निघून गेले, आणि 'आयकिदो' हे नाव अधिकृत झालं तेही त्याच वर्षी. युद्धानंतर 1948 मध्ये आयकिकाइ या संस्थेला सरकारी मान्यता मिळाली. सामान्य नोकरदारासाठी दारं उघडली ती मुख्यतः त्यांचे चिरंजीव किश्शोमारु यांनी. 1969 मध्ये संस्थापक वारले. सध्या नातू मोरितेरु प्रमुख आहेत, त्यांना 'दोशु' म्हणतात.

म्हणजे 'शांतीची कला' हे बिरुद एका रात्रीत लागलेलं नाही. सैनिकांना शिकवलेल्या माणसाने ते पुढे मनाशी घोळवत नेलं. आणि ते सगळ्या शाखांनी सारखं उचललेलंही नाही. योशिंकान शाखेत तोक्योच्या दंगलविरोधी पोलिसांना शिकवतात. तोमिकी यांच्या शाखेत चक्क स्पर्धा असतात, रबरी सुरा घेऊन. आयकिकाइत स्पर्धा नाही. तुमच्या फलकावर कोणत्या शाखेचं नाव आहे ते आधी वाचा. एकाच नावाखाली वेगवेगळ्या चवी आहेत, मिसळीसारख्या.

नावाबद्दल एक. 'आय' म्हणजे जुळणं, एकत्र येणं. 'कि' म्हणजे आपल्या 'प्राण' शब्दाच्या जवळ जाणारं काहीतरी. 'दो' म्हणजे मार्ग. 'आय' असाच उच्चार असलेला दुसरा जपानी शब्द 'प्रेम' या अर्थाचा आहे, आणि उएशिबा उतारवयात या दोन्हींवर श्लेष करत. आणि 'दोजो'? तो आपल्या घरचाच शब्द म्हणायला हरकत नाही. बुद्धाला जिथे बोधी मिळाली त्या जागेला संस्कृतात 'बोधिमंड' म्हणतात. चिनी भाषांतरकारांनी त्याचे दोन अक्षरांत रूपांतर केलं, 'मार्गाची जागा', आणि तेच जपानीत दोजो झालं. मला हे कळलं तेव्हा सहा वर्षं त्या चटईवर घाम गाळून झाला होता.

आता पडण्याकडे येऊ. त्याला 'उकेमी' म्हणतात, आणि पहिले दोन महिने याखेरीज दुसरं काही जमलं नाही तरी चालेल. मागे पडताना एक पाय मागे दुमडून बूड टाचेजवळ आधी टेकायचं, मग पाठ गोल करत झोपायचं. हनुवटी छातीला चिकटलेली हवी. आमचे सेन्सेई म्हणतात, स्वतःच्या पट्ट्याची गाठ बघ. गाठ दिसत असेल तर डोक्याचा मागचा भाग आपटत नाही. पुढे पडताना कोलांटी सरळ पाठीच्या कण्यावरून मारायची नाही. करंगळीच्या कडेपासून सुरुवात, मग कोपराची बाहेरची बाजू, खांदा, पाठीवरून तिरकं जाऊन उलट्या बाजूचं नितंब. शरीराचं चाक करायचं. आपण मोठ्या माणसांनी वीस-पंचवीस वर्षांत जमिनीला पाठ लावलेली नसते, त्यामुळे पहिल्यांदा चाक न होता पोतं होतं. खांद्यावर निळं-जांभळं उमटतं. घाबरू नका, आणि गुडघ्यावर बसून, अगदी खालून सुरुवात करा. उभं राहून कोलांटी मारायची घाई पुरुषांना फार असते. (माझ्या नवऱ्याने तीन आठवड्यांत मारली आणि पुढचे तीन आठवडे झेंडू बाम लावून काढले.)

माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण ती 'कोणता दोजो' या प्रश्नाशी जोडलेली आहे. मी पहिल्यांदा गेले तो दोजो आताचा नव्हे. तिथे तिसऱ्या महिन्यात एका जुन्या सभासदाने मला 'शिहोनागे' केलं. हे चारही दिशांना करता येणारं फेकणं: तोरी तुमचा हात धरून त्याखालून वळतो, तुमचा हात कोपरात दुमडून खांद्यामागे जातो आणि तुम्ही मागे पडता. हळू केलं तर छान आहे. जोरात, हात न सोडता आणि खाली खेचून केलं तर डोकं आणि खांदा दोन्ही धोक्यात. जपानी विद्यापीठांच्या क्लबांत नवख्या मुलांना यातच डोक्याला जीवघेणी इजा झाल्याची उदाहरणं आहेत. माझं डोकं वाचलं, खांद्याचा सांधा सरकला. सहा आठवडे हात झोळीत. चूक त्याची होतीच. पण माझीही एक होती: मला थाप मारायची लाज वाटली. वाटलं, भारतीय बाई तीन महिन्यांत रडायला लागली असं म्हणतील. असं कुणी म्हणत नाही. थाप मारा, लवकर मारा, चटईवर, स्वतःच्या मांडीवर, समोरच्याच्या हातावर, कुठेही. आणि ज्या दोजोत थापेला कुणी हसतं तिथे दुसऱ्या दिवशी जाऊ नका. मी गेले नाही. पुढे चार दोजो बघत फिरले, आणि पाचव्यात सत्तरीच्या एका आजोबांना शांतपणे कोलांट्या मारताना बघून तिथेच नाव घातलं. जिथे म्हातारी माणसं पडत टिकली आहेत तिथली पाडण्याची रीत बरी असणार, एवढा हिशोब केला होता.

तुमचा गुडघा. खरं बोलते, आयकिदो गुडघ्यांना फारसं माया लावत नाही. 'सेइझा' म्हणजे आपलं वज्रासन. तिथे नमस्कार, सूचना, सगळं त्यातच. शिवाय 'सुवारी-वाझा', गुडघ्यांवर चालत करायची तंत्रं. कुरकुरणाऱ्या गुडघ्याने ती करू नका, अजिबात नाही. पहिल्याच दिवशी सेन्सेईंना सांगा: "हिझा गा वारुइ देसु", गुडघा खराब आहे. ते तुम्हाला मांडी घालून बसायला सांगतील आणि उभ्यानेच सराव देतील. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. आमच्याकडे निम्म्या वर्गाच्या गुडघ्यावर पट्टे आहेत. न सांगता शौर्य दाखवणारा मात्र सगळ्यांच्या डोक्याला ताप होतो. आणि वर्गाला जाण्याआधी एकदा हाडांच्या डॉक्टरला दाखवून या.

भाषेची काळजी सोडा. बोलणं कमी, बघणं जास्त. याला 'मितोरी-गेइको' असा शब्दच आहे, बघून शिकणं. मिगी म्हणजे उजवं, हिदारी डावं, युक्कुरी हळू, मो इक्काइ पुन्हा एकदा. सरावाआधी समोरच्याला वाकून "ओनेगाइशिमासु", झाल्यावर "आरिगातो गोझाइमाशिता". ही शिदोरी तीन महिने पुरते. बाकीची भाषा सरावानंतर चटया झाडताना येते. झाडणं सगळ्यांनाच असतं. मोठा दान झाला म्हणून कुंचा सुटत नाही, उलट आधी तोच उचलतो. डिसेंबरात वर्षअखेरीची पार्टी असते, तिला आवर्जून जा. शाकाहारी असाल तर आधी सांगा, कारण नुसत्या भाजीच्या रश्श्यातही माशाचा अर्क निघतो. पहिल्या वर्षी मी तिथे एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) आणि भातावर रात्र काढली होती.

वाकण्यावरून आपल्यातले काही जण अडतात, म्हणून तेही. दोजोच्या पुढच्या भिंतीला 'कामिझा' असते, तिथे बहुतेक ठिकाणी संस्थापकांचा फोटो. वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळे तिकडे वाकतात. माझ्या माहेरी भाऊ तालमीत जायचा; मारुतीला नमस्कार करून माती कपाळाला लावल्याशिवाय कुणी हौद्यात उतरत नसे. मला त्यामुळे नवल वाटलं नाही. उएशिबा स्वतः फार भाविक, इवामाला त्यांनी आयकि मंदिर उभारलं, दरवर्षी 29 एप्रिलला तिथे सोहळा असतो. पण तुमच्या वर्गात कुणी तुमची श्रद्धा विचारणार नाही. भाड्याच्या सभागृहात तर फोटो एका चौकटीत घालून सेन्सेई पिशवीतून घेऊन येतात आणि परत नेतात.

आता वेळ आली तर. नाही. निदान ज्या अर्थाने तुम्ही विचारताय त्या अर्थाने नाही. आमच्या सरावात उके ठरलेला हल्ला करतो आणि पुढे तंत्राबरोबर जातो. मनगट पकडतो, किंवा हात तलवारीसारखा कपाळावर आणतो. रस्त्यावर मनगट कोण पकडतं, असं लोक हसून विचारतात. समोरच्याच्या कमरेला तलवार असेल तर पकडावंच लागतं, त्याला ती उपसू द्यायची नसते. तंत्रांची मुळं तिथली आहेत. पण आज समोरचा दारू पिऊन बेफाम ठोसे मारतोय, आणि तुम्हाला स्पर्धेचा, विरोधाचा अनुभव शून्य, तर पाच वर्षांचं आयकिदोही कमी पडू शकतं. त्यासाठी शिकायचं असेल तर ज्युदो बरं, तिथे समोरचा खरोखर पडायला तयार नसतो. आयकिदोतून मिळतं ते अंतराचं भान, 'मा-आय': माणूस किती जवळ आला की आपण हलायला हवं, ते पायांना कळू लागतं. आणि पडणं. सतरा वर्षांत मी आयकिदो चटईबाहेर दोनदाच वापरलं, दोन्ही वेळा पडताना: एकदा स्टेशनबाहेरच्या बर्फावर, एकदा वाईला सासूबाईंच्या वाड्याच्या जिन्यावर. हातात ताक होतं. ताक गेलं.

एक गोष्ट मात्र खुर्चीत काम करणाऱ्याला लवकर उमगते. पहिलाच व्यायाम घ्या, 'ताइ नो हेंको'. समोरच्याने तुमचं मनगट घट्ट पकडलंय. आपली पहिली प्रतिक्रिया हात खेचायची. खेचला की तो आणखी घट्ट धरतो, खांदे वर चढतात, श्वास अडकतो. त्याऐवजी पकडलेला हात होता तिथेच ठेवून तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन वळता, इतकं की दोघांचीही नजर एकाच दिशेला. हात अजून त्याच्याच पकडीत, पण जोर लावायला आता त्याच्यापुढे काही नाही. ऐकायला सोपं. मला जमायला वर्ष लागलं, कारण हात सोडवायचा नाही हेच खांद्याला पटत नव्हतं.

मुलीला जरूर घाला, पण तिच्या वयाच्या वर्गात. तिथे खेळ जास्त आणि सांध्यांची पिळवणूक जवळजवळ नाही. कोवळ्या मनगटांवर कुणी जोराचं निक्यो करताना दिसलं तर तो वर्ग टाळा. शिवाय इथे 2012 पासून माध्यमिक शाळेत पहिल्या दोन वर्षांना बुदो, म्हणजे जपानी युद्धकला, सक्तीचं आहे, बहुतेक शाळांत ज्युदो किंवा केंदो (बांबूच्या तलवारीचं). तुम्ही तोवर इथेच असाल तर पडायला शिकलेली मुलगी त्या चटईवर निर्धास्त असेल.

किती वर्षं, किती पैसे. आयकिकाइच्या नियमांत पाचव्या क्युपासून (क्यु म्हणजे दानाच्या आधीच्या पायऱ्या) पहिल्या दानापर्यंतच्या परीक्षांसाठी लागणारे सरावाचे किमान दिवस मोजले तर सुमारे 300 होतात. आठवड्यातून दोनदा गेलात तर कागदावर तीन वर्षं; नोकरी, आजारपणं आणि भारतवाऱ्या धरून पाच. पहिल्या दानाला 'शोदान' म्हणतात, त्यातल्या 'शो'चा अर्थच सुरुवात. क्रीडाकेंद्रातल्या क्लबांची फी माझ्या बघण्यात महिन्याला तीन ते पाच हजार येन, स्वतःची जागा असलेल्या दोजोची दुप्पट-तिप्पट. वर क्रीडाविमा, तो क्लबच गटाने काढतो, एप्रिल ते मार्च. तो काढलाय का हे विचारायला लाजू नका. परीक्षांचं शुल्क वेगळं, आणि दानाच्या नोंदणीचं शुल्क चांगलंच जाणवतं, आधीच विचारून ठेवा. पण दानाची नोंद मुख्यालयात राहते, पुण्याला परत गेलात तरी ती चालते. कपडे लगेच घेऊ नका. पहिला महिना लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि गुडघे झाकणारी पँट पुरते. 'गी', म्हणजे सरावाचा पांढरा पोशाख, घेतलीत की डावी बाजू उजवीवर घ्या. उलटी घालतात ती इथे मृतदेहाला, आणि नवख्याची ती चूक दुरुस्त करायला चार जण धावतात.

फोन करून एवढंच विचारा: "केंगाकु शितेमो इइ देसु का?" बघायला येऊ का? होच म्हणतील. दहा मिनिटं आधी जा, चपला दाराबाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा, पाय कामिझाकडे पसरू नका, फोन बंद. नंतर सेन्सेई विचारतील, चटईवर येता का? हो म्हणायची तयारी ठेवा, आणि त्यासाठी नखं कापून जा, हातांची आणि पायांचीही. घड्याळ, अंगठी घरी. मुलीच्या पैंजणांचंही तेच; माझी जोडवी पहिल्या दिवशी चटईच्या शिवणीत अडकली होती आणि सगळा वर्ग थांबून ती सोडवत बसला होता.